अडीच वर्षांत बाग होत नाही

महोदय,

महापौरपदाच्या आरक्षण सोडतीची बातमी वाचली आणि चार्ल्सटनचा झोपाळा आठवला. माझी मुलगी अमेरिकेत, साउथ कॅरोलिनातल्या या शहरात असते. तिच्याकडे गेलो की संध्याकाळी मी कूपर नदीकाठच्या वॉटरफ्रंट पार्कमध्ये जाऊन बसतो. तिथे धक्क्यावर छपराखाली मोठे लाकडी झोपाळे टांगलेत. कुणीही यावे, झुलत बसावे.

नदीकाठ लोकांसाठीच राहिला पाहिजे, हा तिथले महापौर जोसेफ रायली यांचा हट्ट. हे गृहस्थ १९७५ साली निवडून आले आणि दहा निवडणुका जिंकून जानेवारी २०१६ पर्यंत पदावर राहिले. बाग होत आली असतानाच, १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने शहर झोडपले. तरी पुढच्याच वर्षी ती खुली झाली. गरिबांची सरकारी घरे त्यांनी एका कोपऱ्यात न कोंबता जुन्या वस्त्यांमध्ये विखरून बांधली. मुलीने ती दाखवली, पण शेजारच्या घरांतून मला वेगळी काढता आली नाहीत. आणि मी बांधकाम खात्यातला माणूस! विधानभवनावरचा गुलामगिरीच्या काळातला झेंडा उतरवा म्हणून हेच महापौर २००० साली राजधानी कोलंबियापर्यंत सुमारे १९० किलोमीटर पायी गेले.

सगळे गोड नाही. भरतीला लख्ख उन्हातही काही रस्त्यांवर पाणी चढते. जुन्या शहरात एकेकाळी बहुसंख्य असलेले कृष्णवर्णीय घरभाड्यांपायी बाहेर फेकले गेले. चाळीस वर्षे सत्ता असलेल्याला याचा जाब द्यावाच लागेल.

पण मी ३१ वर्षे एका महापालिकेत काढली. आमच्या नदीकाठच्या उद्यानासाठी तीन महापौरांनी तीन वेळा नारळ फोडला, दर वेळी नकाशा नवा. मी निवृत्त झालो तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण होते आणि आत बाभळी.

आरक्षणाला माझी हरकत नाही. सर्वांना संधी मिळायलाच हवी. हरकत अडीच वर्षांच्या मुदतीला आहे. पहिले सहा महिने सत्कारात जातात, शेवटचे सहा पुढच्या नावाच्या चर्चेत. त्यात कारभाराची सही आयुक्तांची. महापौरांच्या हाती फीत कापायची कात्री. निदान मुदत पाच वर्षांची करा आणि अंदाजपत्रकात त्यांच्या सहीला काही वजन द्या.

– एक निवृत्त शाखा अभियंता