संज्या, तो काळा पट्टा रिकामा नव्हता

मालवण

संज्या,

पत्र नाही म्हणून रागावला असशील तर राग, पण आधी हे वाच. चिमीला जर्मनीत पीएचडीची जागा मिळाली. विषय सबमिलिमीटर खगोलशास्त्र, म्हणजे मिलिमीटरहून बारीक लहरींनी आकाश बघायचं.

मे महिन्यात लाईट गेली की जेटीवर आपण आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यावरून भांडायचो, आठवतं? तू म्हणायचास तिथं तारेच नाहीत, भोक आहे, मी म्हणायचो पुढ्यात काहीतरी आडवं आलंय. तर ती धूळ आहे रे! उणे अडीचशे अंशांहून गार, डोळ्याला काळी, पण याच लहरींत उजळते, आणि तिच्यातच तारे जन्मतात. पार्टी तुझ्याकडे लागू, बंड्यालाही बोलाव.

चिमीने मोबाईलवर आल्मा दुर्बिणीचा २०१४ चा फोटो दाखवला. ४५० प्रकाशवर्षांवरचा कोवळा तारा, एचएल टॉरी, भोवती धुळीची तबकडी आणि तिच्यात एकाबाहेर एक काळी कडी, तिथं ग्रह घडत असावेत. मी बघतच बसलो.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. या लहरी हवेतली वाफ गिळते. आत्ता आपल्या डोक्यावरची सगळी वाफ पिळली तर पाच-सहा सेंटीमीटर पाणी होईल, इथं बरणीतलं मीठसुद्धा पाझरतंय. चिलीत आल्माच्या पठारावर चांगल्या रात्री एक मिलिमीटरही भरत नाही, म्हणून दुर्बिणी तिथं, ५००० मीटरवर, जिथं हवा जेमतेम निम्मी आणि माणसं ऑक्सिजन लावून वावरतात. आणि आपल्या पोरीचा दमा! त्या पावसात रात्री तूच तिला कणकवलीला नेलं होतंस. ती म्हणते बाबा, वर जायची गरजच नाही, दुर्बीण खालून चालवतात, डेटा कॉम्प्युटरवर येतो. पटतं. पण एकदा वर जाऊन दुर्बीण बघितल्याशिवाय ती राहील? तू राहिला असतास? आणि शिकून परत येऊन करणार काय, पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे पण ती लांब लहरींची. आईला अजून बोललो नाही, तिचं एकच, वाडी कोण बघणार.

माझी शुगर आटोक्यात आहे. वहिनींचा गुडघा? नवीन फ्लॅटचं अभिनंदन, फोटो पाठव.

गणपतीला दोन दिवस आधी ये. मी काही विचारलं की चिमी नुसती "हो बाबा" म्हणते, तुझ्याशी मात्र भांडते, म्हणजे खरं काय ते तुझ्यापुढेच बाहेर पडेल. डॉक्टरकडेही तिला तूच घेऊन जा.

तुझा,
नान्या