फेरेटला कच्चे मांस देताना गोव्याची हवा ध्यानात घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी एक तरुण जोडपे टोपलीत फेरेटचे पिल्लू घेऊन आले. जेमतेम तीन महिन्यांचे, मान टाकून पडलेले. काय खायला घालता म्हणून विचारले, तर म्हणाले, "कच्ची कोंबडी. फेरेटला तेच चांगले असे वाचले. सकाळी वाटीत ठेवतो आणि कामाला जातो." ऐकून पोटात गोळा आला, कारण असलीच चूक वर्षापूर्वी माझ्या हातून झाली होती.

फेरेट दिसायला आपल्या मुंगसासारखा, पण तो युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला प्राणी. माझी लेक बंगळूरची नोकरी सोडून परदेशी गेली, तेव्हा तिची फेरेट भुरी आमच्या फोंड्याच्या घरी आली. वजन आठशे ग्रॅम. हा निव्वळ मांसाहारी जीव. त्याचे आतडे आखूड, खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. भातपोळी, दूध, फळे त्याला पचत नाहीत. मांस हवे, तेही थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. म्हणून लोक कच्चे मांस देतात, आणि त्यात हौसेचाच भाग असतो असे मी म्हणणार नाही. भुरीची कातडी आणि दात कच्च्या मांसावर खरोखर सुधारले.

पण ज्या थंड देशांत बसून लोक ही माहिती लिहितात, तिथले स्वयंपाकघर आणि मे महिन्यातले आपले स्वयंपाकघर यांत फरक आहे. कोंबडीच्या मांसात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. आपल्या उकाड्यात काही जंतू वीस-वीस मिनिटांना दुप्पट होतात. त्यात फेरेटची उपजत सवय म्हणजे खाणे लपवून ठेवणे. भुरी कोंबडीच्या मानेचा तुकडा तोंडात धरून सोफ्याखाली पळायची. एकदा तिसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा सोफा उलटा केला. तीन तुकडे सापडले, एकावर अळ्या. हे तुकडे ती मागाहून काढून खाते, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते. तेव्हापासून ती पिंजऱ्यात जेवते, मी समोर बसते, वीस मिनिटांत उरलेले उचलते. ज्यांना बसायला वेळ नाही त्यांनी कच्चे देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या चुकीविषयी. गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला पहिल्या वाऱ्यापावसात आमच्या वाड्यावरची वीज संध्याकाळी गेली ती पहाटे आली. फ्रीझरमधल्या मांसाच्या पुड्या मऊ होऊन पुन्हा दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. मी उशिरा उठले, मला कळायला मार्ग नव्हता. दुपारी त्यातलीच एक पुडी सोडवून दिली. रात्रीपर्यंत भुरीला जुलाब, तोंडाला लाळ, आणि ती दात करकरा चावू लागली. फेरेट असे दात चावतो तेव्हा बहुतेकदा त्याच्या पोटात दुखत असते किंवा मळमळत असते. दोन दिवस सलाईन लावले तेव्हा वाचली.

थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते निजतात, हे डॉक्टरांनी मला त्या वेळी समजावले. तेव्हापासून फ्रीझरमध्ये एक छोटी वाटी पाणी गोठवून ठेवली आहे आणि त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे. नाणे वर असेल तर ठीक. बर्फात बुडालेले दिसले की मधे सगळे वितळले होते असे समजायचे आणि सगळ्या पुड्या टाकून द्यायच्या. जीव हळहळतो, पण टाकायच्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांना सांगायला सोपी जाते. श्रावणात आमच्या घरात मांसमच्छी येत नाही, सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. म्हणून भुरीची सुरी, पाट, वाटी मागच्या पडवीत वेगळी ठेवली होती. श्रावण संपला तरी ती तिथेच राहू दिली. कच्च्या मांसाचा हात कोशिंबिरीला लागला तर आजारी पडतात ते घरातले म्हातारे आणि लहान मुले. सोवळ्याने जे वेगळेपण पाळत होतो तेच जंतूंसाठीही पाळते. मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून वितळवते, ओट्यावर कधीच नाही.

कोंबडीवाला माझा जुना विद्यार्थी. "बाई, तुमच्यासाठी सकाळचा पहिला कोंबडा," म्हणतो आणि पाट गरम पाण्याने धुऊन मग कापतो. खिमा मी घेत नाही. खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत कालवले जातात. मान, पंख, थोडा पोटा, हृदय, आणि काळीज सगळ्या मांसाच्या विसाव्या भागाइतकेच. नुसते बोनलेस दिले तर कॅल्शियम मिळत नाही. हाड द्यायचे तर कच्चे आणि बारीक, शिजवलेले हाड फुटून आतडे चिरते. कच्चे डुकराचे मांस अजिबात नाही. तारले मासे घरात रोज असतात म्हणून कच्चे टाकू नयेत, त्यातल्या एका घटकाने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, ही बातमी आपल्या वाचकांनाही आठवत असेल. त्यांना कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी असा संशय होता. फेरेटला माणसाचा साधा फ्लूसुद्धा चटकन लागतो. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू फेरेटमध्येच पहिल्यांदा सापडवला. वाघांच्या त्या घटनेपासून बर्ड फ्लूची बातमी आली की मी कच्चे बंद करते. आता पावसाळ्याचे चार महिनेही शिजवूनच देते. हाड काढून उकडते आणि ते पाणीही त्यातच मिसळते, कारण फेरेटला लागणारे टॉरिन नावाचे पोषकद्रव्य पाण्यात उतरते. वर डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची पूड. भुरीने पहिले दोन दिवस तोंड फिरवले, मग खाऊ लागली.

राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती आहे की, असे प्राणी विकणाऱ्या दुकानांत मराठी आणि कोंकणीत एक पानाची सूचना लावावी. काय द्यावे, किती वेळ ठेवावे आणि वीज गेल्यावर काय टाकून द्यावे, एवढे त्यात असले तरी पुष्कळ. त्या जोडप्याला नाण्याची वाटी मी दवाखान्यातच समजावून सांगितली. पिल्लाला त्या दिवशी सलाईन लावले, पुढचे मला कळलेले नाही.

हे पत्र मे संपण्याआधी छापता आले तर बरे होईल. पहिल्या पावसात वीज जातेच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा