सहीआधी फाइल वाचणारा राष्ट्रपती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विद्यमान राष्ट्रपतींची मुदत 24 जुलै 2027 रोजी संपते. नव्या राष्ट्रपतींची निवड त्याआधी पुरी व्हावी लागते, हे घटनेचेच बंधन आहे. "त्यात आपल्याला कुठे मत आहे?" असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. खरे तर मत आहे, ते आपण आमदार-खासदारांच्या हाती सोपवले आहे. चंदगडपासून शिरोळपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याचे दहा आमदार आहेत आणि महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचे मूल्य 175 आहे. 1971 च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या 5,04,12,235. तिला विधानसभेच्या 288 जागांनी आणि मग हजाराने भागले की हा आकडा येतो. दहा आमदारांचे झाले 1,750. कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांचे 2022 च्या हिशेबाने प्रत्येकी 700 धरले, तर जिल्ह्याच्या वाट्याला 3,150 मूल्याची मते येतात.

या मतांवर पक्षाचा व्हीप चालत नाही. मतदान गुप्त असते आणि पक्षाच्या उमेदवाराला मत दिले नाही म्हणून पक्षांतरबंदीखाली कुणाची आमदारकी जात नाही. 2007 मध्ये शिवसेनेने भाजपच्या रालोआ आघाडीत असूनही काँग्रेसच्या उमेदवार प्रतिभाताई पाटील यांना मते दिली आणि 2012 मध्ये प्रणव मुखर्जी यांना. त्यामुळे "वरून आदेश होता" ही सबब या एका निवडणुकीत तरी आपण ऐकून घेऊ नये. मत कोणाला दिले हे विचारायचे नाही. ते गुप्त आहे आणि गुप्तच राहावे. उमेदवारात काय तपासले, हे मात्र विचारायलाच हवे.

उमेदवार जाहीर झाला की चर्चा सुरू होते ती जातीची, प्रांताची आणि कोणी कोणाला शह दिला याची. प्रतिनिधित्वाला मोल आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण पाच वर्षे त्या खुर्चीत बसून करायचे काय, हा प्रश्न मागे पडतो. घटनेच्या 74 व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात. त्यामुळे रोजच्या कामात त्यांना स्वतःचे मत चालवता येत नाही, आणि चालवूही नये. कस लागतो तो मोजक्या प्रसंगी: मंत्रिमंडळाची शिफारस एकदा फेरविचारासाठी परत पाठवताना, विधेयक संसदेकडे परत धाडताना, त्रिशंकू लोकसभेत पहिले बोलावणे कोणाला द्यायचे ते ठरवताना, आणि फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज समोर आल्यावर. पाच वर्षांत असे चार-सहा दिवस येतात, आणि बहुधा रात्रीचे येतात.

25 जून 1975 ची रात्र घ्या. आणीबाणीच्या घोषणेवर फखरुद्दीन अली अहमद यांनी सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. मंत्री जमले ते दुसऱ्या दिवशी पहाटे, सही झाल्यानंतर. "मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?" एवढा एक प्रश्न त्या रात्री पुरेसा होता. पुढे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय कळवल्याशिवाय अशी घोषणा करता येणार नाही, अशी अट घातली. सल्ला एकदा परत पाठवण्याचा अधिकारही याच दुरुस्तीने राष्ट्रपतींना स्पष्ट शब्दांत दिला.

आता दुसरे उदाहरण. ते जास्त शिकवते, कारण माणूस सगळ्यांच्या आदराचा आहे. मे 2005 मध्ये डॉ. अब्दुल कलाम मॉस्कोत होते. बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस मध्यरात्री फॅक्सने तिकडे गेली आणि सही होऊन आली. सर्वोच्च न्यायालयाने नंतर ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. याच कलामांनी पुढच्या वर्षी, मे 2006 मध्ये, लाभाच्या पदांबाबतचे, म्हणजे खासदारांना कोणती सरकारी पदे चालतील हे सांगणारे विधेयक संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते बदल न करता पुन्हा मंजूर केल्यावर त्यांनी घटनेप्रमाणे सहीही केली. माणूस तोच, सचोटीही तीच. एका वेळी कागद रात्री परदेशात हाती पडला, दुसऱ्या वेळी तो वाचायला सवड मिळाली. म्हणून उमेदवार नुसता स्वच्छ असून भागत नाही. पंतप्रधान कार्यालयाचा माणूस दारात उभा असताना "उद्या सकाळी सांगतो" म्हणण्याचा घट्टपणा त्याच्यात आहे का, हे बघावे लागते.

असा घट्टपणा के. आर. नारायणन यांच्याकडे होता. ऑक्टोबर 1997 मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशातले कल्याणसिंह सरकार बरखास्त करण्याची शिफारस केली, ती त्यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. सप्टेंबर 1998 मध्ये वाजपेयी सरकारने बिहारमधल्या राबडीदेवी सरकारबाबत तशीच शिफारस केली, तीही परत गेली. दोन्ही वेळा दिल्लीत सरकारे वेगळी, राज्यांत पक्ष वेगळे आणि कसोटी एकच. पुढे फेब्रुवारी 1999 मध्ये सरकारने बिहारची शिफारस पुन्हा केली तेव्हा नारायणन यांनी ती मान्य केली, कारण दुसऱ्यांदा आलेला सल्ला बंधनकारक असतो. अडवायचे कुठपर्यंत आणि सोडायचे कुठे, हे त्यांना नेमके कळत होते. 1998 मध्ये वाजपेयींना सरकार बनवायला बोलावण्याआधी त्यांनी पाठिंब्याची लेखी पत्रे मागून घेतली, तीही याच शिस्तीतून.

माघार घेता येणे हाही गुणच आहे. 1951 मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांना हिंदू कोड बिलावर स्वतःच्या मताने निर्णय घ्यायचा होता. अॅटर्नी जनरल सेटलवाड यांनी राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असे मत दिले आणि राजेंद्रबाबू थांबले. त्यांनी तेव्हा हट्ट धरला असता तर दिल्लीत पहिल्याच पिढीत दोन सत्ताकेंद्रे उभी राहिली असती. भाषणे जोरदार करतो, सरकारशी रोज भांडेल असे वाटते, म्हणून एखाद्याला पसंती देणे तेवढेच घातक, जेवढे मान डोलावणाऱ्याला निवडणे.

दयेच्या अर्जाचे मोल कोल्हापूरला कोणी सांगायला नको. लहान मुलांची अपहरणे आणि हत्या केल्याबद्दल इथल्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोन बहिणींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला तो जुलै 2014 मध्ये. शेवटी 18 जानेवारी 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अर्जाच्या निर्णयाला झालेल्या विलंबामुळे, फाशीची जन्मठेप केली. विलंबाचा ठपका न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्यांच्या ढिलाईवर ठेवला, राष्ट्रपतींवर नव्हे. पण फाशी योग्य की अयोग्य, हे मत काहीही असो, फाइल वर्षानुवर्षे पडून राहिली की न्याय मुलांच्या आईबापांनाही मिळत नाही आणि कैद्यालाही नाही. घटनेचा 78 वा अनुच्छेद राष्ट्रपतींना पंतप्रधानांकडून कारभाराची माहिती मागवण्याचा अधिकार देतो. दर तीन महिन्यांनी प्रलंबित दयेच्या अर्जांची यादी मागवणारा, प्रत्येक अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस अडकला ते विचारणारा राष्ट्रपती हवा. त्याला भाषण लागत नाही, चिकाटी लागते.

ही चिकाटी आता जास्तच महत्त्वाची झाली आहे. विधेयकांवर निर्णय घ्यायला राज्यपाल आणि राष्ट्रपतींना न्यायालय ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिले. घटनेत "शक्य तितक्या लवकर" असे शब्द आहेत, दिवसांचा आकडा नाही. ग्यानी झैलसिंग यांनी 1986 चे टपाल दुरुस्ती विधेयक सही न करता आणि परतही न पाठवता ठेवून दिले. नागरिकांची पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारला देणारे ते विधेयक कायदा झालेच नाही, याचे आपल्याला समाधान आहे. पण तीच पळवाट चांगल्या विधेयकालाही लागू होते. कुलूप एकच आहे, किल्ली कोणाच्या हातात द्यायची हे निवडणूक ठरवते.

हे गुण उमेदवारात आहेत की नाहीत, ते मुलाखतीत कळत नाही. मागच्या कामात कळते. उमेदवार राज्यपाल राहिला असेल, तर त्याने राष्ट्रपती राजवटीची शिफारस कधी केली, त्यावर संसदेत आणि न्यायालयात काय झाले, राज्याची विधेयके किती महिने अडवून ठेवली, हे बघावे. विधानसभेचा किंवा लोकसभेचा अध्यक्ष राहिला असेल, तर पक्ष सोडणाऱ्या सदस्यांच्या अपात्रतेच्या अर्जांचे काय केले ते काढावे; साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे. 1967 मध्ये लोकसभाध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले होते, असा दाखला कितीजणांकडे निघतो? मंत्री राहिला असेल तर त्याच्या खात्यावरचे, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल वाचावेत. आणि सर्वांत उपयोगाचा प्रश्न: स्वतःच्याच पक्षाला न आवडणारा एक तरी निर्णय याने पदावर असताना घेतला आहे का? खासबागेच्या कुस्ती मैदानात आपण पंचाची पारख अशीच करतो. समोरच्या तालमीच्या पैलवानावर शिट्टी कोणीही वाजवतो. आपल्या तालमीचा पाठीवर पडला तेव्हा हात वर केला का, ते महत्त्वाचे.

यासाठी वेळ फार नसतो. 2022 मध्ये अधिसूचना 15 जूनला निघाली, अर्जाची शेवटची तारीख 29 जून, छाननी 30 ला, माघार 2 जुलैपर्यंत आणि मतदान 18 जुलैला. दोन्ही बाजूंचे उमेदवार 21 जूनला जाहीर झाले होते. म्हणजे तपासायला जेमतेम चार आठवडे. अर्जाला पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागत असल्याने रिंगणात दोन-तीन नावेच उरतात, तेव्हा एवढ्या दिवसांत अभ्यास अशक्य नाही. कोल्हापुरात वकिलांची कमतरता नाही, ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही इथेच बसते. बार असोसिएशन, महाविद्यालये आणि विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग मिळून प्रत्येक उमेदवाराची दोन पानी टिपणे सहज तयार करू शकतात. या बेंचचे कायमचे खंडपीठ व्हायचे, तर 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याप्रमाणे आदेश राष्ट्रपतींच्याच नावाने निघतो, हेही वकील मंडळींना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, लहान वाटेल पण आहे महत्त्वाची. मतपत्रिकेवर आयोगाने दिलेल्या पेनानेच पसंतीक्रमाचा आकडा लिहावा लागतो. 1 लिहिलाच नाही किंवा दोन नावांपुढे लिहिला की मत बाद. 2022 मध्ये देशभरात 53 मते बाद झाली, आणि ती सगळी आमदार-खासदारांची. लाखो लोकांनी सोपवलेले मत आकडा चुकल्याने वाया जात असेल, तर आधी सराव करून जावे, त्यात कमीपणा कसला?

आपल्या वृत्तपत्रास विनंती अशी, की उमेदवार ठरले की जिल्ह्याच्या दहाही आमदारांना आणि दोन्ही खासदारांना एकच प्रश्न लेखी पाठवावा: उमेदवाराच्या मागच्या कामातले तुम्ही काय वाचले? उत्तरे मतदानाच्या आधी छापावीत, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवावी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर