उद्यमबागच्या काकांना, एसएसडीच्या तापासाठी

काका, घरी येऊन आभार मानले तर तुम्ही "गप्प चा पी" म्हणून विषय मोडणार हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही वडगावात राहतो, खाली पावरलूम आणि वर घर, आणि जिन्याखाली माझा एक छोटा सर्व्हर आहे ज्यात बाबांचे हिशोब, साड्यांची डिझाइनं, घरातले सगळे फोटो असं सगळं भरलंय. रोज रात्री २ वाजता एनव्हीएमई ड्राइव्हवरून (म्हणजे वेगवान एसएसडी, फिरती चकती नसलेली चिपवाली डिस्क) दुसऱ्या ड्राइव्हवर बॅकअप जातो. आधी पाऊण तासात संपायचा, एप्रिलात अडीच तास घ्यायला लागला. मी केबल बदलली, सॉफ्टवेअर परत टाकलं, दोन रात्री जागलो, काय उपयोग नाही. शेवटी स्मार्टसीटीएल, म्हणजे ड्राइव्हची तब्येत सांगणारा प्रोग्राम, चालवून बघितलं तर तापमान ८३ अंश सेल्सिअस! माझ्या ड्राइव्हची वॉर्निंग ८२ ला आणि क्रिटिकल ८५ ला आहे, आणि वॉर्निंगच्या वर किती मिनिटं गेली त्याचा वेगळा आकडा असतो तो २१२ झालेला. म्हणजे ड्राइव्ह बिचारा जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करत होता आणि मी केबलला शिव्या देत होतो.

तुम्ही त्या दिवशी बाबांकडं लूमच्या बेअरिंगचं बघायला आला होता, जिन्याखाली मला बघून "काय करुलालास रे?" म्हणून वाकलात आणि तिथंच बसलात. पहिला प्रश्न, "ह्यात फिरत काहीच नाही तर तापतंय कशाला?" मी सांगितलं की आत कंट्रोलर नावाची चिप असते, सेकंदाला गिगाबाइटनी डेटा तिच्यातून जातो आणि ती बोटाच्या नखाएवढी आहे, मग गरम होणारच. तुम्ही मान हलवलीत आणि दुसरा प्रश्न विचारलात तो मला महिनाभरात सुचला नव्हता, "मग तो फॅन कुणाचं ऐकतोय?"

काका, खरंच सांगतो, मी गार पडलो. फॅन ऐकत होता प्रोसेसरचं! बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, तसंच असतं, प्रोसेसर तापला की फॅन जोरात, आणि बॅकअप चालू असताना प्रोसेसर ४५ वर आरामात झोपलेला, त्यामुळं फॅन पण ६०० आरपीएमवर डुलत होता, आणि शेजारी एसएसडी भाजत होता त्याची खबर कुणालाच नाही.

आणि मग ती फिल्म. तुम्ही लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) उचललात, खाली ड्राइव्हची उष्णता तिच्यापर्यंत नेणारा मऊ थर्मल पॅड, आणि पॅडला निळी प्लॅस्टिकची फिल्म तशीच चिकटलेली, वर्षभर. दोन बोटात धरून मला दाखवलीत आणि म्हणालात "हे काय, लग्नातलं कव्हर ठेवलंस?" बाबा तिथंच उभे होते हो, अजून रोज जेवताना विषय काढतात. तेवढी फिल्म काढल्यावरच ८३ चे ७२ झाले. पुढचं जाळीचं फिल्टर काढलं तर त्यावर सुताच्या धुळीची चादर, बोटानं सोलून निघाली. पावरलूमच्या वर राहायचं आणि फिल्टर वर्षभर बघायचं नाही, आता कुणाला सांगणार. ते धुतलं, पुढचा १२० एमएमचा फॅन थेट ड्राइव्हवर वारा लागेल असा खाली सरकवला आणि बायोसमध्ये फॅनचा किमान वेग निम्म्यावर ठेवला, बास. काल रात्री बॅकअप चालू असताना ५९, वेळ ४७ मिनिटं.

एकाच गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही, रागवू नका. टेबलफॅन लावून ३० वर आण म्हणत होतात ना, त्याची गरज नाही ओ. बऱ्याच ड्राइव्हला कंपनी ७० पर्यंत चालवायला परवानगी देते, आणि आतली फ्लॅश मेमरी थोडी कोमट असताना लिहिली तरी तिला काही होत नाही, उलट लिहून झाल्यावर ड्राइव्ह बंद करून गरम कपाटात टाकून दिला तर डेटाला जास्त धोका. तुमच्या बेअरिंगसारखं थंड तेवढं चांगलं हा हिशोब इथं चालत नाही. हे मी तुम्हाला शिकवतोय असं वाटलं तर चार शिव्या द्या, चालतंय.

पैसे घेतला नाहीत, कुंदा दिला तर "शुगर आहे" म्हणालात आणि जाताना आईकडून अर्धा डबा मागून नेलात, ते मी काकूंना सांगितलेलं नाही. तुमचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडंच राहिलाय, रविवारी घेऊन येतो.