क्लेमचे गणित दुकानदाराला दिसू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीचे सर्व्हे करत होतो. पाणी ओसरल्यावर पेठेत गुडघाभर चिखल होता. 2005 च्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून ज्यांनी माळे बांधले, त्यांचा माळ्यावरचा मालही या वेळी भिजला. त्यांतल्याच एका किराणा दुकानाचा क्लेम मला अजून तोंडपाठ आहे.

खरेदीची बिले आणि बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट ताडून पुराच्या आदल्या दिवशीचा माल मी 10 लाखांचा धरला. विमा 9 लाखांचा होता. तेलाचे सीलबंद डबे धुऊन विकता आले. तांदूळ, डाळी, साखर, गूळ सगळे गेले. नुकसान 6 लाख.

मालाच्या किमतीपेक्षा विमा कमी रकमेचा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापायची, याला आमच्या धंद्यात ‘ॲव्हरेज लावणे’ म्हणतात. पण 1 एप्रिल 2021 पासून लहान व्यावसायिकांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली आणि तिच्यात विमा रकमेतली 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. या दुकानदारांची पॉलिसी मे महिन्यात रिन्यू झालेली, तूट 10 टक्के. म्हणजे ॲव्हरेज लागतच नाही. मी पूर्ण 6 लाखांची शिफारस केली.

पैसे आले ते 5 लाख 40 हजारांच्या हिशेबाने, त्यातून नेहमीची वजावट, म्हणजे दर क्लेममध्ये विमेदाराने स्वतः सोसायचा भाग. पत्रात एकच ओळ, तीही इंग्रजीत: पॉलिसीच्या अटींनुसार रक्कम मंजूर. दुकानदार ते पत्र घेऊन माझ्याकडे आले, तक्रार करायला नव्हे, आभार मानायला. ‘साहेब, एवढे तरी मिळाले,’ म्हणाले. मला तो आकडा खटकला. कागदावर 6 लाखांना 9 ने गुणून 10 ने भागले आणि उत्तर समोर आले. ॲव्हरेज लावला होता.

कंपनीच्या कार्यालयात एक तरुण अधिकारी भेटला. मुलगा भला होता. ‘काका, आकडा सिस्टिम काढते, आम्ही फक्त ओके करतो,’ एवढेच त्याला सांगता आले. पुढे त्यानेच पाठपुरावा केला तेव्हा कळले, की रिन्यूअलच्या वेळी सिस्टिममध्ये पॉलिसीचा प्रकार सांगणारा प्रॉडक्ट कोड जुनाच राहिला होता, त्यामुळे नियमही जुनाच लागला. दुरुस्ती होऊन 60 हजार मिळायला पाच महिने लागले. हे पत्र मी पाहिले म्हणून. ज्यांची पत्रे मी पाहिली नाहीत, त्यांचा विचार मनातून जात नाही.

सॉफ्टवेअर नको असे मी मुळीच म्हणत नाही. 2005 साली आम्ही हाताने रिपोर्ट लिहायचो, फोटो धुऊन आणायचो, फाइल मुंबईला जाऊन परत यायला महिने लागायचे. आता फोटो दुकानातूनच पोचतात, हा मोठा दिलासा आहे. पण हाताने लिहिलेल्या रिपोर्टात गुणाकार-भागाकार ओळीओळीने दिसायचा. चूक झाली तर बोट ठेवता यायचे.

माझी पुतणी नवी मुंबईत महापेला विम्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. त्यांचे ग्राहक अमेरिकेतल्या विमा कंपन्या. या क्षेत्रात आपली माणसे नवखी नाहीत. मास्टेक या आपल्याकडच्या आयटी कंपनीचा विमा सॉफ्टवेअरचा व्यवसाय 2015 मध्ये मेजेस्को म्हणून वेगळा झाला आणि 2020 मध्ये थोमा ब्राव्हो या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने मेजेस्को विकत घेतली. गणपतीत पुतणी घरी आली तेव्हा मी तिला विचारले, सिस्टिमने कुठला नियम लावला हे नंतर कळते का? ती म्हणाली, ‘काका, आमच्याकडे तर प्रत्येक पायरीची नोंद राहते. कोणता नियम, कोणत्या वेळी, सगळे.’

मग अशी नोंद जिथे राहते, तिथली ती ग्राहकाच्या पत्रात का येत नाही? पत्राचा साचा बनवताना तिला कोणी जागाच ठेवत नाही, दुसरे कारण मला दिसत नाही. विमा कंपन्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतानाच ही जागा मागून घ्यावी. मालाची धरलेली किंमत, विमा रक्कम, मान्य नुकसान, कोणत्या कलमाने किती कापले, वजावट आणि हाती येणारी रक्कम, एवढ्या सहा ओळी मराठीत. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागण्याचा हक्क विमेदाराला आहे, हेही त्याच पत्रात खाली छापावे. पेठेत हे कोणालाही माहीत नव्हते.

पुतणीने त्या दुकानाच्या हिशेबाचा कागद मागून घेतला. नाव खोडून मी त्याचा फोटो तिला पाठवला आहे. आपल्या टीमला दाखवते म्हणाली.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर,
चिपळूण