सोमवारी घारापुरी नको

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घारापुरीला यायचं तुम्ही ठरवलंत, फार बरं केलंत. आई, तू सोमवार धरून बसली असशील, महादेवाचा वार म्हणून. पण लेणी सोमवारीच बंद असतात. महाशिवरात्रही नको. त्या दिवशी गर्दी असते हे एक कारण, आणि दुसरं भरती-ओहोटीचं. तुम्ही घाटावरची माणसं, म्हणून ते नीट समजावून लिहिते. बेटावरचा दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो.

किनाऱ्यावर भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला आणि पहाटेही त्याच सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार थोडा असतो, तो भांग. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरने हलते, म्हणजे दीड मजला. बाबांचा गुडघा बघता हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण बोट पाण्याबरोबर खाली जाते आणि धक्का जागच्या जागी राहतो.

आता महाशिवरात्र घ्या. ती वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी पाणी भरपूर. सगळे आनंदाने जातात आणि परततात साडेचार-पाचला, नेमक्या उधाणाच्या ओहोटीला. तेव्हा बोट खूप खाली गेलेली असते आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. माणसं घसरतात ती तिथेच. एकादशी-द्वादशीलाही परतीचीच अडचण, पाणी दुपारी अडीच-तीनला ओसरलेलं असतं. तुमच्यासाठी प्रतिपदा ते तृतीया हे दिवस उत्तम. भरती दुपारी पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान येते. दहा-साडेदहाला निघालात आणि तीन-साडेतीनला परत फिरलात तर दोन्ही वेळा पाणी हाताशी असतं. कॅलेंडरात सूर्योदयाची तिथी धरा, म्हणजे घोळ होणार नाही.

लाँच गेटवेवरूनच धरा, भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला येऊन पुढे जायचं मनात आणू नका. मोऱ्याला गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्यापर्यंत पोचतच नाही आणि फेऱ्या थांबतात. गेटवेहून साधारण तास लागतो. तिथे लाँच एकीला एक लावून बांधलेल्या असतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या बोटीवरून ओलांडून जावं लागतं. तेव्हा दोन्ही हात मोकळे हवेत, पिशव्या खांद्याला. खलाशी हात पुढे करेल, त्याची बोटं न धरता मनगट धरा. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर येऊन क्षणभर थबकते तेव्हा पाय टाकायचा, खाली जाताना नाही. बाबा, चांगला पाय आधी. आत गेल्यावर खालच्या मजल्यावर मध्यभागी बसा, तिथे डुलणं सगळ्यात कमी. अगदी मागे इंजिनाचा धूर येतो आणि मळमळतं. लाइफ जॅकेट बसल्याबसल्या अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळली आणि माणसं गेली. उकडलं तरी काढायचं नाही.

वाटेत तेलवाहू जहाजं लागतात ते जवाहर द्वीप. पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू बेटाच्या उत्तरेकडून जातो. बेट मात्र अजून हिरवंगार आहे. दोन टेकड्या, मधून उत्तर-दक्षिण खोल घळ, आणि काठाला खारफुटी. तुम्ही उतराल ते शेतबंदर, वायव्येला. दक्षिणेला राजबंदर, ईशान्येला मोराबंदर. हा मोराबंदर बेटावरचा, उरणचा मोरा वेगळा. अशी तीन गावं मिळून घारापुरी, उरण तालुका, रायगड जिल्हा. मुंबईतून समोर दिसतं म्हणून लोक त्याला मुंबईचं समजतात, पण ग्रामपंचायत इथलीच आहे.

जेटी लांब आहे, दहा-बारा मिनिटांची चाल. छोटी गाडी धावते, तिच्यात बसा. पुढे सुमारे 120 पायऱ्या. रुंद आहेत, दोन्हीकडे दुकानांची सावली आहे, पण बाबांनी चढायचा हट्ट करू नये. डोली मिळते, पैसे बसण्याआधी ठरवायचे, जाणं-येणं दोन्ही धरून. चढताना गुडघा बोलत नाही, उतरताना बोलतो. माकडांना बाटलीचा सराव झालाय. पाणी आणि बाबांचा गूळ-शेंगदाण्याचा डबा दोन्ही पिशवीत, तोंड बांधून. पायऱ्यांवर काही खायचं नाही.

मोठ्या लेण्याचं दार उत्तरेला आहे आणि सगळे सरळ त्रिमूर्तीकडे धावतात. तुम्ही तसं करू नका. बाहेर लख्ख ऊन असतं, आत आलं की पाच मिनिटं काहीच दिसत नाही. खांबापाशी थांबा. मग पूर्वेच्या अंगणाकडे वळा, तिथून समोर लिंगाचा गाभारा सरळ रेषेत दिसतो. मूळ वाट तीच असावी, कारण पूर्वेकडून येणाऱ्याला देव समोर भेटतो. गाभाऱ्याला चारी बाजूंनी दारं आणि प्रत्येक दाराशी उभे द्वारपाल. आई, दर्शन आधी तिथे घे.

त्यानंतर दक्षिणेच्या भिंतीतला सदाशिव. आपण त्याला त्रिमूर्ती म्हणतो, पण ब्रह्मा-विष्णू-महेश असं ते नाही, तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. उंची सुमारे 20 फूट. मधला तत्पुरुष, डोळे मिटलेले. आपल्या डावीकडे अघोर, मिशा आणि हातात नाग. उजवीकडे वामदेव, कुरळे केस आणि हातात कमळाची कळी, चेहरा बाईसारखा मऊ. आता त्याच्या दोन्ही बाजूंचे देखावे बघा. अघोराच्या बाजूला अर्धनारीश्वर, वामदेवाच्या बाजूला गंगाधर. अर्धनारीश्वराचा आपल्या उजवीकडचा अर्धा भाग पार्वतीचा. तिच्या वरच्या हातात आरसा आहे, तो हात वर उचललेला शोधा. सहाव्या शतकातलं काम आहे, इथल्याच काळ्या कातळात. एक घाव चुकला असता तर जोडायला दुसरा दगड नव्हता. बऱ्याच मूर्तींचे पाय-मांड्या मोडल्या आहेत, ते बघून आई हळहळशील. पोर्तुगीजांच्या काळात फार नासधूस झाली. लेण्यातला एक शिलालेखही त्यांनी काढून नेला, तो हरवला. हे काम नेमकं कोणी करवलं हे म्हणूनच दगडावर वाचता येत नाही. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी इथे सापडली, त्यावरून अभ्यासक अंदाज बांधतात.

बाबा, तुमच्या इतिहासाच्या आवडीसाठी: पुलकेशी दुसरा याच्या ऐहोळे शिलालेखात, इ. स. 634 मधल्या, कोकणच्या मौर्यांची 'पुरी' जिंकल्याचा उल्लेख आहे, 'पश्चिम समुद्राची लक्ष्मी' असं तिचं वर्णन आहे आणि जहाजांनी वेढा दिल्याचं सांगितलंय. बरेच जण ती पुरी म्हणजे हेच बेट मानतात, काही जण मुरुडजवळची राजपुरी. मोराबंदराला रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळालेत आणि पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूप आहे, म्हणजे लेण्यांच्या कितीतरी आधीपासून इथे वस्ती आणि व्यापार होता.

तो हत्ती मात्र बेटावर नाही. राजबंदराजवळ दगडाचा मोठा हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं. 1814 मध्ये त्याची मान-डोकं पडलं, 1864 मध्ये विलायतेला नेण्यासाठी उचलताना तुकडे झाले. ते जोडून आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा केलाय. दुसऱ्या दिवशी तो बघा, त्याशिवाय हे पूर्ण होत नाही.

लेणी बघून लगेच परतू नका, ही माझी विनंती. शेतबंदरात तासभर बसा. आगरी-कोळी लोक, भात लावतात, मासे धरतात, आणि आता बरंचसं पोट येणाऱ्यांवर चालतं. या खाडीत डोल लावतात. तोंड प्रवाहाकडे करून पिशवीसारखं जाळं खुंटांना बांधायचं, पाणी धावतं तसा जवळा, कोळंबी, बोंबील आत शिरतात, आणि प्रवाह मंदावला की जाळं उचलायचं. उशीर झाला तर उलटा प्रवाह सुटतो आणि जाळं पालटतं. भांगात पाण्याला ओढच नसते, मग डोल रिकामी, म्हणून त्या दिवसांत जाळी विणायची, होडी डागडुजी करायची. म्हणजे गावाची कामाची आणि विसाव्याची तिथीही चंद्रच ठरवतो. ऑगस्ट 2010 मध्ये बंदरात दोन जहाजं आदळून तेल सांडलं, खारफुटीच्या मुळांना काळा थर बसला. श्वास घ्यायला वर आलेली ती मुळंच बुजली की झाड गुदमरतं, आणि त्या मुळांत वाढणारी चिंबोरी-कोळंबी जाते.

दिवे इथे फेब्रुवारी 2018 मध्ये आले, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी डिझेलच्या जनरेटरवर संध्याकाळचे काही तास, मग काळोख. समोर मुंबई रात्रभर झगमगायची. आता बर्फ ठेवता येतो, मासा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. पाणी मात्र अजून पावसाचंच, साठवलेलं. म्हणून जेवणाच्या जागी हात धुताना नळ सोडून ठेवू नका, आई. तुला सांगायला नको, पण बाबांना सांग.

बाहेरच्यांना बेटावर मुक्काम करता येत नाही. शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास असते, पण तुम्ही तिची वाट बघू नका. तिला गर्दी असते आणि बसायला जागा राहत नाही.

पावसाळ्यात येऊ नका. पौष वद्य प्रतिपदा किंवा द्वितीया बघा, हवा थंड असते आणि ऊन लागत नाही. त्यातला सोमवार आला तर एक दिवस पुढे सरका, तृतीयाही चालेल. आई, कॅलेंडर बघून तिथी आणि वार दोन्ही कळव, मी त्या दिवसाची भरती तक्त्यावरून पुन्हा ताडून घेते. बाबांना गुडघ्याचा पट्टा आणि मागून बंद असलेल्या चपला आणायला सांग. नव्या गुळगुळीत तळव्याच्या नकोत.

तुमची,
ताई