दिग्या, बैलाचं चाक निखळलं

नागपूर,
हरतालिका, रात्र

प्रिय दिग्या,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. संक्रांतीपासून तुला एक ओळ नाही. दोनदा तुझा फोन आला, दोन्ही वेळा 'रात्री लावतो' म्हणालो आणि ती रात्र आज उगवली. प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो, शुगर आहे तिथंच आहे. मारबतीच्या मिरवणुकीत तुझ्या आबांसारखा बोंबललो, 'शुगर घेऊन जा गे मारबत!' अजून तरी नेलेली दिसत नाही.

अर्चना समोरच्या वहिनींकडे जागरणाला गेली, सोहम झोपला. अशी मोकळी रात्र महिन्यातून एखादी मिळते आणि ती मी रविवारच्या टिपणासाठी राखून ठेवतो. आज तुला देऊन राहिलो, यावरून काय ते समज.

शनिवारी मारबत होती. सकाळी आठलाच इतवारीत जाऊन त्याच ओट्यावर जागा धरली, जिथून तू नालीत पडला होतास. (मी ढकललं नव्हतं. वीस वर्षं झाली, आतातरी मान.) नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी या दोन मारबतींच्या पुतळ्यांची भेट झाली, बडग्यांचे पुतळे गेले, आणि अडीचला घामानं निथळत घरी आलो तेव्हा कॅमेऱ्यात ३४० फोटो होते. संध्याकाळी तान्हा पोळा. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे नऊला टिपण गेलंच पाहिजे. कुणाला गेलं पाहिजे, विचारू नको. कुणी पैसे देत नाही, कुणी मागितलंही नाही.

टिपण सुरू तूच केलंस, तेव्हा चाळीस जणांना मेलवर जायचं. आता अडीचशे जणांना जातं आणि लोकांना वाटतं, लिहायला वेळ लागतो. लिहायला दीड तास लागतो बे. बाकीचंच सगळं खाऊन टाकतं. ३४० फोटोंतून सहा निवडायला दोन तास. एक साल पक्कं करायला अख्खी संध्याकाळ. पिवळी मारबत सुरू झाल्याचं साल १८८५ सगळे एकमुखानं सांगतात, पण काळीचं कुणी १८८० म्हणतं, कुणी १८८१, आणि मी चहावर चहा पीत दोन्हीकडच्यांना फोन लावत बसतो. झिरो माइलच्या वेळी तर कहर केला. दगडावरची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. त्यातला शेवटचा आकडा १ की ७, एवढं बघायला मी ऑफिसातून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तिथला पोलीस म्हणाला, "काका, काही हरवलं का?" अडीचशेपैकी एकानंही दशांश चिन्हापुढं पाहिलं नसेल.

मग मी वेळापत्रक केलं. हसू नको. स्केचपेननं लिहून फ्रिजवर लावलं. पावणेपाचला उठून सव्वासहापर्यंत लिखाण, कारण मे महिन्यात नागपुरात डोकं चालेल अशी तेवढीच वेळ असते. वासुदेव नगरहून बर्डीपर्यंत मेट्रोत वीसेक मिनिटं फोनवर मुद्दे, पण अंबाझरीचं पाणी दिसलं की मान वर होते आणि मुद्दा जातो. जेवणाच्या सुटीत वाचन. आणि दोन टिपणं कायम शिलकीत, बरणीतल्या लोणच्यासारखी, आजारपणाला. दोन महिने झकास चाललं. मग मार्चएंड आला, बरणी रिकामी झाली, आणि तेव्हापासून दर शनिवारी रात्री मी उधारी फेडून राहिलो. वेळापत्रकावर आता अर्चना दूधवाल्याचे खाडे लिहिते.

तर शनिवारी साडेपाचला सोहम बैल घेऊन दारात उभा. तुझाच बैल, तू पुण्याला जाताना आबांनी दिलेला. नवी बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर ब्लाउजपीसची झूल. म्हणाला, "बाबा चला ना, सगळे मैदानात गेले." मी म्हटलं, "पाच मिनिटं." नेमका त्याच वेळी तान्ह्या पोळ्याचा परिच्छेद चालला होता. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी लेकरांसाठी हा सण सुरू केला असं सांगतात, पोरं लाकडी बैल ओढत दारोदार जातात, बोजारा मागतात. 'बोजारा' हा शब्द तुमच्या पुण्याच्या वाचकांना कंस न टाकता कसा सांगायचा, यावर अडलो होतो. मान वर केली तेव्हा साडेसात.

तो खालच्या मजल्यावरच्या पोरांबरोबर जाऊन परतही आला होता. मुठीत बासष्ट रुपये बोजारा, काखेत बैल, बैलाचं मागचं डावं चाक खिशात. रडला नाही. म्हणाला, "तुमची पाच मिनिटं झाली का?" टोमणा नव्हता बे, खरंच विचारत होता. अर्चना काही बोलली नाही. माझ्या पोळीवर तूप तेवढं नव्हतं.

आता जे सांगतो ते तिलाही सांगितलं नाही. जेवून उठलो आणि पुन्हा बसलो, कारण शेवटचा परिच्छेद बाकी होता. आणि मी लिहिलं, की संध्याकाळी लेकाचं बोट धरून निघालो, बैलाची चाकं रस्त्यावर खडखडत होती, तिसऱ्या दारी आजींनी त्याच्या हातावर नाणं ठेवलं. आजी कोण, तर कुणी नाही. ओळी सरळ आल्या, एक शब्द खोडावा लागला नाही. सकाळी नऊला टिपण गेलं. दुपारपर्यंत तीसेक निरोप. एकानं लिहिलं, शेवट वाचून डोळे भरून आले.

दशांशासाठी तीन फेऱ्या मारणाऱ्या माणसानं हे केलं. दोन दिवस मेट्रोत दुरुस्तीचा मजकूर जुळवून राहिलो, 'गेल्या रविवारच्या टिपणात एक चूक झाली.' त्यापुढं काय लिहू, सांग.

तुलाच विचारतो, कारण मीरा झाली तेव्हा तू टिपण सोडलंस आणि मी तुला धंतोलीच्या टपरीवर सगळ्यांसमोर पळपुटा म्हटलं. नंद्या मधे पडला, तर्रीची प्लेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर. (प्लेटचे पैसे तूच देणं लागतोस.) तू उठताना एवढंच म्हणालास, "तूच लिही मग माह्या पोरीच्या बारशावर." वर्षभर बोललो नाही. बारशाला मी आलो नव्हतो. त्या दिवशी रविवार होता.

अर्चना म्हणते, पंधरवड्याला एक करा. पण पंधरवडा म्हटला की मी चौदा दिवस फोटो काढत फिरणार आणि पंधराव्या रात्री पुन्हा हेच. सोडून द्यावं म्हटलं तर आजच संध्याकाळी बुधवारीत एका पडक्या वाड्याची चौकट पाहिली आणि लगेच कॅमेरा आठवला. मला ओळखतोस.

तुमच्याकडं काय? फ्लॅटची लिफ्ट चालू झाली का? कमरेला पट्टा लाव, हीरोगिरी नको. मीरा सातवीत ना आता? वहिनींना नमस्कार. संत्राबर्फी पाठवतो कुणाबरोबर तरी, यावेळी खरंच.

आणि एक काम आहे, विसरू नको. आबांना विचार, बैलाच्या चाकाची आस त्यांनी कशाची केली होती, बाभळीची की सागाची? लकडगंजात दोघांना दाखवलं. एक म्हणाला, नवाच घ्या. सोहम नाही म्हणतो. पायाच्या भोकात जुन्या आसेचा तुकडा तुटून बसला आहे. तो कोरून काढू की तसाच आत ठोकू? चाक माझ्या टेबलावर आहे, लिहिताना सारखं हाताला लागतं.

फोन कर. उचलीन. शनिवारी रात्री तेवढा नको करू.

तुझा,
संज्या